साहेबांचं पहिलं वाक्य

“काका, म्हणा ‘आ’,” स्पीच थेरपिस्ट म्हणाली.

साहेबांनी तोंड उघडलं. श्वास आला, आवाज आला नाही. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ मात्र आली. वहिनींनी ती रुमालाने टिपली आणि नवऱ्याच्या वतीने स्वतःच हळूच ‘आ’ म्हणून बघितलं. मेंदूचा झटका आल्यापासून त्यांना एकच ध्यास होता, साहेबांनी पुन्हा बोलावं. त्यासाठी त्या रात्रीचा दिवस करत होत्या.

“पूर्वी सगळ्यात जास्त कशावर बोलायचे?” थेरपिस्टने विचारलं.

“टीव्हीवर,” वहिनी म्हणाल्या.

हे त्यांनी कमीच सांगितलं. साहेब नटबोल्टच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे त्यांना पाठीमागे रिजेक्टसाहेब म्हणत, घरी नुसते साहेब. दिवसभर माल नापास करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन सिनेमे नापास करायचे. लढाईच्या सिनेमात सैनिकाच्या गणवेशाला इस्त्री दिसली की सिनेमा बाद. दवाखान्यात पडलेल्या नायिकेच्या ओठांना लाली दिसली की मालिका बाद. खुनी कोण हे ते पहिल्या जाहिरातीच्या आधीच सांगून टाकायचे. ते बरोबर निघायचं, याचाच वहिनींना जास्त राग. बातम्या वाचणारीचे उच्चार म्हणू नका, गाण्याच्या स्पर्धेत रडणाऱ्या पोराचा बाप म्हणू नका, त्यांच्या तावडीतून कोणी सुटायचं नाही. शेजारीपाजारी पोट धरून हसायचे. वहिनींची सख्खी बहीण तर म्हणायची, “भाऊजी असले की सिनेमा नसला तरी चालतो.”

एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं असताना वहिनी एका सिनेमाबद्दल बोलून गेल्या, “मला आवडला बाई.” साहेब म्हणाले, “हिला आवडला ना? मग संपलं. आठवड्यात पडतो की नाही बघा.” सगळे हसले. वहिनीही हसल्या. तेव्हापासून त्यांना काहीच आवडेनासं झालं, निदान चारचौघांत.

थेरपिस्टला मात्र टीव्हीचं ऐकून हुरूप आला. “मग टीव्हीच लावा, काकू. आवडीचं नको, डोक्यात जाईल असं काहीतरी लावा. चिडलेल्या माणसाची जीभ लवकर सुटते.”

तसं काही शोधायला लांब जावं लागलं नाही. वहिनींची लाडकी मालिका होती, एका घरातल्या दोन जावांची. साहेबांच्या लेखी ती भंगारातलं भंगार. वहिनी त्यांना उशांना टेकवून बसवायच्या आणि शेजारी खुर्ची ओढायच्या. मालिका सुरू झाली की साहेबांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. डावी मूठ गादीवर आपटायची. “काढा, काढा बाहेर,” वहिनी म्हणायच्या, “शिव्या द्या हवं तर.” आवाज काही फुटायचा नाही.

हळूहळू एक गंमत झाली. वहिनींना मालिका ऐकू यायला लागली. इतकी वर्षं त्यांनी ती साहेबांच्या बोलण्याच्या फटींतून पाहिली होती. धाकटी जाऊ दिसायला गोड, पण काम यथातथाच. खरी नटी ती मोठी, हे त्यांचं त्यांना कळलं. आपल्यालाही मत आहे आणि ते अगदीच टाकाऊ नाही, याचं त्यांना नवल वाटलं. त्या बोलायला लागल्या. आधी चाचरत, मग बिनधास्त. साहेब ऐकत. न ऐकून करतात काय. भाग संपला की वहिनी विचारायच्या, “कसा वाटला?” आणि त्यांच्याकडे बघत उत्तराची वाट पाहायच्या. उपचारच तो, त्यात काही वावगं नव्हतं.

त्या दुपारी मालिकेतली मोठी जाऊ एकटी जेवायला बसली होती. समोर वाढलेलं ताट, आणि ती नुसती बसून. संवाद नाही, संगीत नाही. साहेबांना भरवायची सुपाची वाटी वहिनींच्या हातात तशीच राहिली. डोळ्यांत पाणी आलं.

“बघा हो,” त्या म्हणाल्या, “काही न बोलता किती बोलली ती. मला फार आवडलं हे.”

“तु...”

वहिनींनी चमकून मान वळवली.

“तु...ला.”

आवाज घोगरा होता, पण साहेबांचाच. वहिनींना काय करू आणि काय नको असं झालं. इतक्या दिवसांनी पहिला शब्द, आणि तो आपल्यासाठी. त्या वाटी बाजूला ठेवून पलंगाशी वाकल्या आणि त्यांचा डावा हात घट्ट धरला.

“हो, मला. बोला ना. मला काय?”

साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. सगळा जीव त्यांनी जिभेवर आणला.

“काय... कळतं.”

आणि त्यांच्या तोंडाची चालती बाजू हसली.

वहिनींनी हात सोडला. सुपाची वाटी पुन्हा उचलली. साहेबांचे ओठ पुन्हा जुळवाजुळव करायला लागले होते. अजून बरंच साठलेलं दिसत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. थेरपिस्ट होती. “काकू, काही प्रगती?”

वहिनींनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. साहेबांचं तोंड उघडत होतं. वहिनींनी त्यात सुपाचा चमचा घातला आणि तो गिळून होतो न होतो तोच दुसरा पुढे केला.

“नाही गं,” त्या म्हणाल्या, “एक शब्दसुद्धा नाही.”

“धीर सोडू नका. टीव्ही मात्र रोज चालू ठेवा. आपल्या हातात आता तेवढाच उपाय आहे.”

“हो गं, चालूच ठेवते,” असं म्हणत वहिनींनी भाग अर्ध्यावर असतानाच टीव्ही बंद केला.