फोटोला हार

पडद्यावर हर्णैचं बंदर आलं, तशी थिएटरात पहिली शिट्टी पडली. अख्खी वाडी सिनेमा बघायला दापोलीला आली होती, कारण त्यातल्या विधवेचं घर म्हणजे चांगुणाचं घर होतं. तेच निळं दार, तीच चूल, तीच मडक्यांची उतरंड. "वैनी, तुझी कढई बघ," मागून कुणीतरी म्हणालं आणि ती लाजून हसली.

मग भिंत दिसली आणि तिचं हसू तिथंच विरलं. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, धर्माचा नेहमीचा फोटो होता आणि त्याला झेंडूचा हार घातला होता.

धर्माची होडी वादळात गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. ना होडी सापडली, ना तो. चांगुणानं कुंकू पुसलं नव्हतं. तो मेला असं घरात कुणाला बोलूही दिलं नव्हतं.

"मी बाजारात मासळी विकायला गेले, नि शूटिंगवाल्यांनी माझ्या जित्या नवऱ्याला हार घातला," ती शेजारी बसलेल्या सासूला म्हणाली. "मी त्यांना सोडायची नाय, आये."

सासूनं पडद्यावरची नजर हटवली नाही.

"त्यांनी नुसतं विचारलं, बाय. हार मी घातला, माझ्या हातानं. तू यायच्या आत काढलाही."

पडद्यावर नटीनं फोटोपुढे दिवा लावला, तसे म्हातारीनं अंधारात हात जोडले. चांगुणानं तळहातानं कपाळ झाकून घेतलं, जणू कुणी तिचं कुंकू पुसायलाच येत होतं.