आर्डकेलचं छप्पर

कुलूप गंजले होते. इशबेलने किल्ली मुठीत धरून उबदार केली, पुन्हा घातली, आणि खांदा लावून दार आत ढकलले.

"छप्पर नसलेल्या किल्ल्याला कुलूप कशाला, बाई?" पाहुण्याने विचारले.

"पाऊस वरून येतो, साहेब. माणसांनी दारातून यावं."

तो हसला, फार दिवसांनी हसणाऱ्या माणसासारखा, थोडा चाचरत. नाव कार्माइकल. उंच, किंचित वाकलेला, अंगात कोपरांना चामडी ठिगळे लावलेला उंची कोट. दक्षिणेकडचा कोणी जमीनदार आर्डकेल विकत घेणार आणि त्यावर पुन्हा छप्पर चढवणार, अशी कुजबुज गावात आठवडाभर चालली होती. दुकानात ती ऐकल्यापासून इशबेलला आपले दुखरे गुडघेसुद्धा हलके वाटू लागले होते.

दिवाणखान्यात गवत कमरेइतके वाढले होते. वरचे मजले कधीच कोसळले होते. त्यांच्या शेकोट्या तेवढ्या भिंतीत अधांतरी उरल्या होत्या, आणि त्यांत कावळे नांदत होते. वर चौकोनी, राखी आभाळ.

"तोफा त्या समोरच्या टेकडीवर लावल्या होत्या," इशबेलने नेहमीच्या ठिकाणाहून सुरुवात केली. "वेढा उन्हाळाभर चालला, पण भिंत काही—"

"तोफांचं राहू द्या, बाई. छप्पर कसं गेलं?"

ती थबकली. हे कोणी विचारत नसे. येणाऱ्यांना वेढा हवा असे, रक्त हवे असे, जिन्यावरची भुताटकी हवी असे.

"धन्यांनीच काढवलं," ती म्हणाली. "दोन्ही मुलगे लढाईत गेले. मग एवढ्या घराचा कर भरायचा तरी कुणासाठी? आपल्याकडचा कायदा तुम्हाला ठाऊक आहेच. छप्पर आहे तोवर घर, आणि घरावर कर. छप्पर काढलं की नुसते दगड. दगडांना कोण काय मागतंय?"

"माझाही एकच होता," कार्माइकल भिंतीकडे पाहत म्हणाला. "आफ्रिकेतल्या लढाईत गेला."

मग त्याने मान वर करून उघड्या आभाळाकडे पाहिले.

"आधी काय काढलं?"

"शिशाचे पत्रे. मग स्लेटच्या फरशा. तुळया सगळ्यात शेवटी."

"आणि कराचा अधिकारी? तो खात्री करायला आला होता?"

"आला होता. इथंच उभा राहिला, वर आभाळ बघितलं, टोपी काढली, आणि गेला."

त्याने भिंतीच्या माथ्यावर नजर फिरवली, तुळयांच्या रिकाम्या खोबणी मोजल्या, पाणी कुठून उतरले ते विचारले. त्याच्या प्रत्येक प्रश्नागणिक इशबेलच्या मनात उजाडत गेले. दुखणे कुठून सुरू झाले हे जाणल्याखेरीज वैद्य औषध देत नाही.

"ते काम कोणी केलं?"

याच प्रश्नाची ती सकाळपासून वाट पाहत होती.

"माझ्या नवऱ्यानं. फर्करनं. त्याच्या आज्यानं शाकारलेलं छप्पर होतं ते, साहेब. धन्यांचा शब्द म्हणून ह्यानं उतरवलं, आणि तेव्हापासून शिडीला हात लावला नाही. दिवसदिवस बोलत नाही. नुसता झिजतोय. पण काम विसरलेला नाही हो. याच भिंतींवर छप्पर चढवायला मिळालं, तर माणूस उठून बसेल माझा."

कार्माइकलने तिच्याकडे पाहिले. काहीतरी त्याच्या ओठांवर आले असावे. पण तो फार दमलेला दिसत होता. "त्यांना भेटायला हवं," एवढेच तो म्हणाला.

उताराच्या पायथ्याशी त्यांचे घर होते. फर्कर शेकोटीपाशी ओल्या मातीच्या ढिगासारखा बसला होता.

"पाहुणे आलेत रे," इशबेल म्हणाली.

"बसा. चहा काळाच मिळेल. दूध हिनं मांजराला पाजलं."

"मांजर निदान म्याव तरी करतं," इशबेलने ठणकावले. "ह्याच्या तोंडून तेवढंही निघत नाही, साहेब."

कार्माइकल बाकावर टेकला. "तुमचं काम आत्ताच पाहून आलो. भिंतीचा एक दगड हलवला नाहीत तुम्ही. फार स्वच्छ काम."

"प्रेताला आंघोळ घालतात, तेही काम स्वच्छच असतं."

"अरे, ऐक तरी ते काय म्हणतात!"

"मला तुमच्यासारखाच माणूस हवा आहे," कार्माइकल म्हणाला. "जुन्या घडणीचं छप्पर आहे. शिसं, स्लेट, सगळं तसंच. हल्लीच्या पोरांच्या हाती मला ते द्यायचं नाही."

फर्करने मान वर केली. मग गुडघ्यांवर हात रेटून तो सावकाश उभा राहिला. किती काळाने इशबेलला त्याची पूर्ण उंची दिसत होती! खिडकीपाशी जाऊन त्याने काचेवरची वाफ पुसली आणि उतारावरच्या त्या उघड्या भिंतींकडे तो पाहत राहिला, आजारातून उठलेले मूल अंगणाकडे पाहते तसा. इशबेलने पदरी पडलेले सुख सांडू नये म्हणून श्वास रोखून धरला.

"तुळया ओकच्या लागतील," तो म्हणाला.

"ओकच्याच आहेत, आणि शाबूत आहेत," कार्माइकल म्हणाला. "ग्लेनॉरीला, माझ्या राहत्या घरावर. कराची तारीख यायच्या आत तेवढं छप्पर उतरवून द्या."