हलकं काम

"वहिनी, एका पाठीपायी दोन माणसं बसवलीस तू," धाकटे दीर म्हणाले. "उद्या तिसरा कंबर धरून येईल."

"तिसऱ्याला घरी बसवीन," बाई म्हणाल्या. "हलकं काम एका वेळी एकालाच, हे सगळ्यांना बजावलंय मी. पण पैलवान माझ्या जिन्यावर पडलाय, माझी गोणी वाहताना. त्याला वाऱ्यावर कशी सोडू?"

बेकरी बाईंची होती. पैलवान खाटेवर होता तोवर मैद्याच्या गोण्या म्हाताऱ्या भट्टीवाल्याने वाहिल्या. पैलवान परत आला, तेव्हा बाईंनी त्याला पावाचे गोळे तोलायला खुर्ची टाकून दिली. "एकट्याला झेपत नाही," म्हणत त्याने भट्टीवाल्यालाच सोबतीला मागून घेतलं. भट्टी दिरांच्या गळ्यात पडली. भट्टीवाल्याकडे तेवढं पहाटे येऊन तळघरातून गोण्या वर आणून ठेवायचं काम राहिलं, मग दिवसभर तो पैलवानाशेजारी बसे.

दिरांचं बोलणं मात्र बाईंच्या मनात कुसळासारखं सलत राहिलं. पैलवान तर चांगला टवटवीत दिसत होता. भट्टीवाला काही उचलायला उठू लागला, की नेमकी तेव्हाच याच्या पाठीत कळ यायची. "अगं आई गं! बसा हो, मला धरा जरा!" की दोघंही पुन्हा खाली.

बाईंना झोप लागेना. कूस बदलून बदलून कंटाळल्या आणि पहाटेच बेकरीत गेल्या.

तळघराच्या जिन्यावरून पैलवान वर येत होता. पाठीवर गोणी, ओठांवर शीळ.

"वा पैलवान!"

गोणी धपकन खाली आली. मैद्याचा धुरळा उडाला.

"कधी बरी झाली पाठ?"

"आलो तेव्हाच बरी होती, बाई."

"आणि ते कण्हणं? तुझ्यासाठी घरात भांडले मी! माझ्याच डोळ्यांत धूळ फेकलीस?"

"काढायचं तर मला काढा." तो खाली बघत म्हणाला. "पण आरडाओरडा नको. भट्टीवाल्याला ऐकू जाईल."

"जाऊ दे की! कळू दे त्याला, कुणाची सेवा करत होता ते!"

कपडे बदलायच्या खोलीत दिवा दिसत होता. बाई तरातरा निघाल्या. पैलवान आडवा आला, त्याला हाताने बाजूला सारून त्यांनी दार ढकललं.

भट्टीवाला दाराकडे पाठ करून, भिंतीला धरून उभा होता. कामावरचे बूट समोर पडले होते. तो जरासा वाकला, दात-ओठ खात पुन्हा सरळ झाला.

"आलास पोरा?" मागे न बघताच तो म्हणाला. "घाल तेवढे पायात, आणि बसव मला जागेवर. बाई यायच्या आत."