काटा खुणेवर आला की

आई भाजी आणायला म्हणून गेली आणि वाटेतच कोसळली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून सीमा चप्पल घालू लागली की तिच्या वडिलांचा, कुशाबांचा, जीव घाबरा व्हायचा. लालबागच्या त्या खोलीत तीही त्यांच्यासोबत अडकून पडली होती.

एकदा शेजारणीला बसवून ती औषधं आणायला दादरला गेली, तेव्हा एका दुकानात तिला ते दिसलं. पाणबुड्याचं जुनं घड्याळ, चरे पडलेलं, पण परवडणारं. दुकानदाराने काचेभोवतीचं कडं करकर फिरवून दाखवलं. "ताई, ही खूण हवी तिथे लावायची. मोठा काटा खुणेवर आला की पाणबुड्याने वर यायचं, हवा संपायच्या आत."

घरी येऊन तिने ते वडिलांच्या मनगटावर बांधलं, खूण लावली. "बाबा, काटा इथे आला की मी दारात."

"आणि नाय इलंस तर?"

"येणार म्हणजे येणार."

कित्येक महिन्यांनी ती काही काम नसताना एकटी रस्त्यावर चालली. नाक्यावर जुनी मैत्रीण भेटली, चहा झाला, हसता हसता वेळेचं भानच राहिलं नाही. मग मात्र ती धावत सुटली. चाळीचे जिने चढताना धाप लागली.

कुशाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. तिने घाबरत त्यांचं मनगट हातात घेतलं. काटा अजून खुणेपर्यंत पोचलाच नव्हता.

"बाबा, खूण पुढे कशी गेली?"

"मीच सरकवलंय," कुशाबा म्हणाले. "आधी दम खा. आणि उद्या अशी धावत येव नको."