पेन्सिलीची तारीख

तानाबाई ओसरीच्या पायरीशीच थांबली, वर आली नाही. "जय भीम, माय," म्हणाली आणि तिथेच बसली.

समीक्षाने हात जोडले. बाबांच्या मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन होऊन चार दिवस झाले होते. उजव्या खोलीला दार उरलं नव्हतं. आत काळ्या भिंती होत्या आणि जळालेल्या कापसाचा वास. तिचे बाबा, धर्मपाल गुरुजी, दुपारचे त्या खोलीत झोपले होते. आग लावली ती तानाबाईच्या नातीने, नयनने. बाहेरून कडीही तिनेच घातली. पोलिसांनी विचारलं तेव्हा तिने ते लगेच सांगूनही टाकलं.

"काय काम होतं, आजी?"

"गुरुजीची ते वही पाहाची होती. पेन्सिलीची."

समीक्षाचा धाकटा भाऊ राजदीप दारात येऊन उभा राहिला. "वही जळाली," तो म्हणाला. "खोलीतच होती."

तानाबाईने मान डोलावली, पण उठली नाही. "वकील म्हणते, शाळेच्या रजिस्टरात पोरगी साडेबारा वर्साची हाये. एक जूनची. बाराच्या आतली असती तं तिले समज होती का नाई, हे कोर्टातल्या साहेबाइनं पयले पाह्यलं असतं म्हणे. आमच्यापाशी दुसरा कागद नाई. वीटभट्टीवर झालती ते."

"रजिस्टर बाबांनीच लिहिलं ना? त्यांचं अक्षर खोटं हाये काय?" राजदीप म्हणाला.

"नाई बाप्पा. गुरुजी कायले खोटं लिहीन?"

रजिस्टरातली तारीख खोटी होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. गुरुजी मुख्याध्यापक असताना ज्या लेकराचा दाखला नसे त्याला एक जून ही तारीख देत. आईबाप भट्टीवर निघालेले दिसले की वयही वाढवून लिहीत. नाव पटावर आलं की दुपारची खिचडी मिळे आणि लेकरू आजीजवळ गावात राही. मग घरच्या बायांना खोदून खोदून विचारत. तूर फुलावर होती की शेंगेत? कापसाची कितवी वेचणी? त्यातून निघालेली खरी तारीख ते आपल्या वहीत टिपून ठेवत, आणि दरवर्षी त्या दिवशी त्या लेकराला एक पेन्सिल देत. निवृत्त झाल्यावरही देत होते.

वही जळाली नव्हती. ओसरीतल्या कोनाड्यात, पेन्सिलींच्या पत्र्याच्या डब्यात होती. समीक्षाला ती सापडली तेव्हा राजदीप म्हणाला होता, "ठेव तिथंच. कोणाले सांगू नको."

"तिनं कडी का घातली, आजी?" समीक्षाने विचारलं.

"मीबी तेच इचारलं. यवतमाळच्या होस्टेलात धाडाचे कागद गुरुजीनं भरून पेटीवर ठेवले होते. तिले नव्हतं जायाचं. म्हणे, कागद जाळाचे होते. कडी नसती घातली तं गुरुजी उठले असते अन् इझवले असते."

"घ्या," राजदीप म्हणाला. "कोण उठंल, काय करंल, सारं समजत होतं तिले. अजून कोणती समज पाह्यजे? अन् दुसऱ्या दिवशी पोलीस आले तं कुठं सापडली? इथं. त्या खांबापाशी दप्तर घेऊन बसलती, जसं काही झालंच नाई. सारं गाव पाहत होतं."

तानाबाई पायरीवरच्या मुंग्यांकडे बघत राहिली.

समीक्षाने खांबाकडे पाहिलं. संध्याकाळच्या अभ्यासाला येणारी पोरं ओळीने बसत. प्रत्येकाची जागा ठरलेली. पाठ टेकायला मिळायची म्हणून खांबाच्या जागेवरून भांडणं होत, आणि बाबा ती मिटवत नसत.

ती उठली आणि कोनाड्याकडे गेली.

"ताई," राजदीप म्हणाला.

डब्याचं झाकण धुराने चिकटलं होतं, दोनदा हिसका द्यावा लागला. पान तिला शोधावं लागलं नाही. ती तानाबाईजवळ पायरीवर येऊन बसली आणि वाचू लागली. "नयन. आजीने सांगितले, दुसरी वेचणी संपली त्या दिवशी जन्माचा निरोप आला. एकवीस नोव्हेंबर." तारखेपुढचं वर्षही तिने वाचलं. पुढे पेन्सिल दिल्याच्या सात खुणा होत्या.

तानाबाईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "कुठं हाये नाव?" समीक्षाने दाखवलं, तिथे तिने बोट ठेवलं. मग दुसऱ्या हाताच्या पेरांवर वर्षं मोजली. अकराव्या पेरावर अंगठा थांबला.

"वही माझ्याजवळ राहू द्या," समीक्षा म्हणाली. "कोर्टाच्या तारखेच्या दिवशी मी यवतमाळला येते. मीच दाखवीन साहेबांना."

तानाबाईने बोट काढलं. चपला हातात घेऊनच आवाराच्या फाटकापर्यंत चालत गेली आणि तिथे पायात घातल्या.

राजदीप अजून दारातच होता. "वही दाखवली म्हणून कडी उघडत नाई, ताई. समज होती का, हे तं इचारतीनच ना? मंग काय सांगशील?"

"ज्या दिवशी बाबा गेले," समीक्षा म्हणाली, "तुम्ही सगळे महागावला दवाखान्यात होता. मी एसटीने उतरून आले तेव्हा घरी कोणीच नव्हतं. ती एकटी खांबापाशी बसली होती. आग कोणी लावली हे तेव्हा मला कुठं माहीत होतं? गृहपाठ करून आणला होता तिने. मला म्हणाली, 'गुरुजी कवा येतीन?'"

"मंग?"

"लेकराला काय सांगायचं ते मला सुचलं नाही." तिने वही डब्यात ठेवली आणि झाकण दाबलं. "मी म्हटलं, उद्या ये."