घड्याळजीसाठी

"चौकातल्या घड्याळजीसाठी," नर्सबाई उभ्या राहून म्हणाल्या. "त्याचा डोळा वाचावा म्हणून."

आता सगळ्यांनी म्हणायचं होतं, "हे प्रभो, आमचे ऐक." दर रविवारी असंच चालायचं. ज्याला वाटेल त्याने उठावं, कोणासाठी मागायचं ते सांगावं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यावं. उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याने उठायचं नाही, हा या चर्चचा जुना नेम. कोणाची गुडघेदुखी, कोणाची परीक्षा, एकदा तर हरवलेलं मांजर. सगळ्यांना भरघोस उत्तर मिळालं होतं. घड्याळजीला मिळालं नाही.

चर्च गच्च भरलेलं. पहिल्या बाकावर निवडणुकीचे उमेदवारसाहेब. गळ्यात पक्षाचा पट्टा, पट्ट्यावर हा एवढा मोठा क्रूस. एरवी वर्षभर इकडे फिरकले नव्हते. पण काल चौकातल्या सभेत 'देश ख्रिस्ताचा, देश आपला' असं घसा फुटेस्तोवर ओरडून आले होते. सभा सुटली आणि मोर्चा घड्याळजीच्या दुकानावरून गेला. घड्याळजीचा देव वेगळा. दुकानाची काच फुटली आणि तिची कपची त्याच्या डोळ्यात गेली. पट्टी नर्सबाईंनीच बांधली होती.

उमेदवारांच्या शेजारी, तसाच पट्टा घालून, नर्सबाईंचा मुलगा बसला होता.

पाळकसाहेब खाकरले. "बाई, इथे आपण आपल्या माणसांसाठी मागतो."

"मांजर आपलं होतं होय, साहेब? ते तर बेकरीवाल्याचं होतं."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बसा की हो खाली!" मागून आवाज आला. "उमेदवारसाहेबांसाठी मागायचं राहिलंय अजून."

राहिलंच होतं. घड्याळजीला उत्तर मिळत नाही तोवर उमेदवारांची पाळी येत नव्हती. पाळकसाहेबांना सगळ्यांदेखत नेम मोडवेना आणि पहिल्या बाकासमोर उत्तरही देववेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ते उगाच पुस्तकाची पानं उलटत राहिले.

नर्सबाई मुलाच्या मानेकडे बघत होत्या. लहानपणी हाच पोरगा बाकावर उभा राहून सगळ्यांच्या आधी "आमचे ऐक" ओरडायचा आणि लोक वळून हसायचे. एकदा वळ रे बाळा. मोठ्याने नको, नुसतं पुटपुट. मला कळेल.

मान हलली नाही.

या चर्चमधल्या निम्म्या लोकांना जन्मल्याबरोबर त्यांनीच हातात घेतलं होतं. पण नवरा गेला त्या दिवशीही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"हे प्रभो," शेवटी त्यांनीच म्हटलं, "आमचे ऐक." त्या खाली बसल्या.

पाळकसाहेबांनी घाम पुसला आणि उमेदवारांच्या विजयासाठी मागितलं. असं उत्तर आलं की खिडक्यांची तावदानं थरथरली. नर्सबाईंनीही उत्तर दिलं. आजवर कोणाला वगळलं नव्हतं, याला तरी का वगळायचं? आणि गरज याला घड्याळजीपेक्षा जास्तच दिसत होती.

मुलाने त्यांना बाहेर पायऱ्यांवर गाठलं.

"चार लोकांत नाक कापलंस माझं, आई."

"काल तिथे तू होतास ना रे?"

तो पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळू लागला. "मी दगड नाही मारला."

"आणि ज्याने मारला त्याला अडवलंस?"

रस्त्यावर प्रचाराची गाडी उभी होती. तिचा भोंगा वाजला, आतून कोणीतरी त्याला हाक मारली. तो दोन पायऱ्या उतरला.

"पुढच्या रविवारी मी तुझ्यासाठी उठणार आहे," नर्सबाई म्हणाल्या. "तेव्हा तरी उत्तर दे, बाळा. एकटीने म्हणायला फार जड जातं."