तीन कोट, एक कुत्रा

"दात घासताना प्रेबेन नळ चालू ठेवतो की बंद करतो?" बिर्तेनं मानानाला विचारलं.

प्रेबेन टेबलापलीकडे मान खाली घालून बसलेला.

"बंद," तो हळूच म्हणाला.

"तुला कुणी विचारलं? गुरुवारी परवान्याच्या कार्यालयात दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवतील. तेव्हा काय भिंतीतून सांगणार आहेस?"

मानानानं वहीत लिहून घेतलं. नळ बंद.

मानाना जॉर्जियाची. सात वर्षं तिनं डेन्मार्कमधल्या या गावात ऐंशी गाईंचं दूध काढलं. बोलायचं तर गाईंशीच. मग मालकानं गोठा विकला आणि नोकरीबरोबर तिचा राहण्याचा परवानाही गेला. महिन्याभरात गाशा गुंडाळा, असं पत्र आलं. राहायचं तर एकच वाट होती. लग्न नसलं तरी चालेल, पण इथल्या माणसाबरोबर बरीच वर्षं संसार केलाय हे दाखवायचं.

शेजारच्या बिर्तेम्हातारीनं प्रेबेनचं नाव घालून अर्ज करायला लावला. तोही फारसे आढेवेढे न घेता हो म्हणाला.

प्रेबेन बेकरीत रात्रपाळीला होता. पहाटे मानाना सायकल काढायची तेव्हा तो कामावरून येत असायचा. ती मान हलवायची, तोही हलवायचा. गाईंना रविवार नसतो, पावालाही नसतो. सात वर्षांत काय बोलणं झालं ते एवढंच.

आता रोज दुपारी तीनला बिर्तेच्या स्वयंपाकघरात उजळणी चालायची. त्याला कांदा चालत नाही. तिला मांजरांची भीती वाटते. तो गालात हसतो, हे मानानानं वहीत लिहिलं नाही, पण लक्षात ठेवलं. आपल्याला काय आवडतं हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. अडीच वाजले की ती केस विंचरायला लागायची.

फोटोंचा घोर होता. दोघांचा एकही फोटो नाही. बिर्तेनं गेलेल्या नवऱ्याचे तीन कोट काढले, दोघांना खाडीवर नेलं आणि तासाभरात तीन वर्षांचे फोटो काढून दिले.

गुरुवारी कार्यालयातल्या बाईंनी ते टेबलावर मांडले. बराच वेळ बघत राहिल्या.

"कोट तीन आहेत," त्या म्हणाल्या. "मागचा कुत्रा मात्र एकच. आणि तिन्ही फोटोंत त्याच खांबापाशी पाय वर करून उभा. तीन वर्षं चाललंय त्याचं?"

खोटं रेटणं मानानाला जमेना. फोटो गेल्या आठवड्यातले आहेत, तिनं सांगून टाकलं. उत्तरंही पाठ केलेली.

"प्रेबेनची ओळख कधीची?"

"ओळख म्हणाल तर तीन आठवड्यांची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कागद आवरताना एक हातात आला, तो त्यांनी दोनदा वाचला.

"नगरपालिकेच्या नोंदीत तर तुमचा दोघांचा पत्ता सात वर्षं एकच आहे. हा एवढा एक कागद पुरला असता, बाई. फोटो मागितले कुणी?"

"जीव जडला म्हणूनच एकत्र राहायला आलो," मानाना म्हणाली. "त्याच आठवड्यात त्याला रात्रपाळी लागली, मला गोठा. पलंग सात वर्षं एकच आहे. फक्त तो यायच्या आधी मी उठलेली असायचे."